नऊ महिन्यांच्या वापरानंतर: स्कोलिओसिसचा ब्रेस आणि त्याचा मधला पट्टा

मागच्या गुरुवारी मुलगी शाळेतून आली, तेव्हा तिच्या ब्रेसचा (स्कोलिओसिससाठी, म्हणजे कण्याला बाजूला येणाऱ्या बाकासाठी, धडाभोवती घालायच्या प्लॅस्टिकच्या कवचाचा) मधला पट्टा रिव्हेटसकट निघून तिच्या हातात होता. नऊ महिने मनात साठलेले सगळे त्याच संध्याकाळी लिहून काढायचे ठरवले.

निदान झाले तेव्हा ती बारा वर्षांची होती. कॉब कोन, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन, ३१ अंश; रिसर, म्हणजे हाडांची वाढ किती झाली आहे ते सांगणारा आकडा, १, म्हणजे बरीच वाढ अजून शिल्लक. वाढ शिल्लक असताना बाक २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर ब्रेस, त्याहून कमी असेल तर ठरावीक काळाने एक्स-रे काढून देखरेख, आणि ४५-५० च्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार, हे या वाटेवरच्या पालकांना पाठच असते. आम्ही बोस्टन पद्धतीचा, पाठीमागे तीन वेल्क्रो पट्ट्यांनी बंद होणारा ब्रेस मापाने बनवून घेतला आणि त्याचे अठ्ठावीस हजार रुपये मोजले. तो रोज १८ तास घालायचा होता.

प्लॅस्टिकच्या कवचाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती मधल्या पट्ट्याची. आतल्या गाद्या बाकाच्या फुगीर बाजूवर दाब देतात, पण तो दाब किती पडेल हे पट्टा किती आवळला आहे यावर ठरते. म्हणूनच ब्रेस देताना पट्ट्यावर काळ्या पेनाने रेघ मारून, रोज इथपर्यंत ओढायचा, असे बजावले होते. चौथ्या महिन्यापासून वेल्क्रोच्या आकड्यांत बनियनचे तंतू आणि केस भरू लागले. जुन्या टूथब्रशने मी ते रोज रात्री काढत असे, तरी पावसाळ्यात घामाने ओला झालेला पट्टा दुपारपर्यंत रेघेपासून बोटभर मागे सरकलेला असायचा. सैल झालेला ब्रेस मुलीला उलट बरा वाटायचा, आणि माझ्या जिवाला घोर लागला तो त्यामुळेच.

ब्रेस बनवणाऱ्यांकडे गेले, तर पट्टा बदलायला बाराशे रुपये आणि चार दिवस लागतील, तोवर ब्रेस इथे ठेवून जा, असे उत्तर मिळाले. बाराशे रुपयेही मला जास्तच वाटले, पण भांडण झाले ते चार दिवसांवरून, म्हणजे रोजच्या १८ प्रमाणे ब्रेसच्या ७२ तासांवरून. अमेरिका आणि कॅनडातील मुलांवरचा ब्रेसविषयीचा मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ब्रेस दिलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. ब्रेसमध्ये बसवलेल्या तापमान मोजणाऱ्या यंत्रामुळे तो खरोखर किती तास घातला हेही कळले, आणि दिवसाला सरासरी १२.९ तासांहून अधिक काळ घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या वर होते. या उपचारात तास हेच औषध आहे, मग ते असे वाया कसे घालवायचे?

निकालाबद्दल माझे मत मात्र दोनदा बदलले. ब्रेस घालून काढलेल्या पहिल्या एक्स-रेत ३१ चे १७ झाले, तेव्हा बाक आता जाणारच असे मी धरून चालले. सहाव्या महिन्यात ब्रेस काढून केलेल्या तपासणीत ३४ आकडा आला आणि सगळे पैसे पाण्यात गेले असे वाटून मी दवाखान्यातच रडले. कोन मोजण्यातच पाचएक अंशांचा फरक पडू शकतो, आणि ब्रेसचे काम कणा सरळ करणे हे नसून वाढीच्या वर्षांत बाक वाढू न देणे हे आहे, असे डॉक्टरांनी शांतपणे समजावले. त्या दिवसापर्यंत ब्रेसला नावे ठेवत होते, ती मागे घेते. श्रॉथ पद्धतीचे, म्हणजे खास स्कोलिओसिससाठीचे, व्यायाम आम्ही जोडीला करतो, पण ब्रेसऐवजी नाही. नातेवाइकांनी सुचवलेली मालीश मी ठामपणे नाकारली.

गुरुवारी निघालेला पट्टा कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या काकांनी दोन नवीन रिव्हेट ठोकून, मागे चामड्याची चकती लावून, साठ रुपयांत वीस मिनिटांत बसवून दिला, आणि तो अजून रेघेवरून हललेला नाही. मुलीची उंची पाच सेंटिमीटरने वाढली असून कवचाची कड आता कमरेच्या हाडावर रुतते, त्यामुळे दिवाळीनंतर नवीन ब्रेस घ्यावा लागेल. त्याचे पट्टे घरी बदलता येतील असे स्क्रूने बसवलेले हवेत आणि मधल्या पट्ट्याचा एक जादा जोड सोबत हवा, हे मी आगाऊ रक्कम भरण्याआधीच ब्रेस बनवणाऱ्यांकडून लिहून घेतले आहे.