मोठं फाउंडेशन की शेजारचा कारखाना?

तालुक्यातल्या छोट्या संस्थेने सीएसआर निधीसाठी, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर खर्चायच्या पैशासाठी, आधी कुणाचं दार ठोठावावं? माझं मत एमआयडीसीतल्या कारखान्याच्या बाजूने आहे.

मोठ्या फाउंडेशनकडे पैसा जास्त, प्रकल्प दोन-तीन वर्षांचे आणि काम समजणारी माणसंही असतात. पण विषय त्यांनी आधीच ठरवलेले. त्यांचा भर पाणलोटावर असेल तर तुमची अभ्यासिका कितीही चांगली असो, प्रस्ताव बाजूला पडतो. शिवाय दर तिमाहीचे अहवाल. एक कार्यकर्ता त्यातच अडकतो.

कारखान्याचं गणित वेगळं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा झाला, की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे, आणि परिसराला प्राधान्य द्यायचं. ही रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. म्हणून एचआर मॅनेजरला एकदा शाळेत आणा. वीस पानी प्रस्तावापेक्षा ते बरं. खोट एवढीच, की बाकं-संगणक मिळतात, शिक्षिकेचा पगार क्वचितच. आणि मॅनेजर बदलला की पुन्हा पहिल्यापासून ओळख!

कागद दोन्हीकडे सारखेच : आयकर खात्याच्या १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झालेली, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी. ती आधी उरका. कारखान्यात जानेवारीतच जा, मार्चअखेरीस हिशेबाच्या गडबडीत कुणी चहाही विचारत नाही.