लेकीच्या लग्नात डीजेऐवजी कॉलर बोलावली, त्याचा अनुभव

लग्न मॅसॅच्युसेट्समध्ये होतं, जावई न्यू हॅम्पशायरचा, आणि त्याच्या आईची एकच इच्छा होती की रिसेप्शनला कॉन्ट्रा डान्स व्हावा. मला तेव्हा कॉन्ट्रा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. सोप्या भाषेत सांगायचं तर जोड्या समोरासमोर लांब रांगेत उभ्या राहतात, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि पियानो वाजतो आणि माइकवर एक जण पुढची हालचाल सांगत असतो, तो कॉलर. आम्ही व्हरमाँटहून एक कॉलरबाई आणि दोन वादक असे बोलावले, तिघांचे मिळून पैसे डीजेच्या कोटेशनपेक्षा कमीच झाले.

खरं सांगते, मी घाबरले होते. कारण आदल्या वर्षी एका कार्यक्रमात असाच प्रकार पाहिला होता, तिथला कॉलर तीन तास अखंड बोलत होता, लोक गोंधळले की अजून मोठ्याने बोलायचा, शेवटी अर्धे जण जेवायला निघून गेले.

ह्या बाईंचा फोन लग्नाच्या महिनाभर आधी आला आणि पाऊण तास त्याच मला प्रश्न विचारत होत्या. किती माणसं, त्यात आधी नाचलेली किती, फरशी लाकडी की सिमेंटची (सिमेंटवर गुडघे जातात म्हणाल्या), लहान मुलं किती वाजेपर्यंत जागी असतील, आणि साडी नेसलेल्या बायका किती. साडीचं ऐकून म्हणाल्या, मग पहिल्या तासात स्विंग नको, स्विंगमध्ये जोडीने एकाच जागी गरागरा फिरायचं असतं, निऱ्या सुटतील. इतका विचार आमच्या केटररनेही केला नव्हता!

त्या दिवशी सुरुवात साध्या गोल नाचाने केली, मग व्हर्जिनिया रील. त्यात एक जोडी हात वर धरून कमान करते आणि बाकीचे खालून जातात, आमच्या पोरांना वेगळं शिकवायलाच लागलं नाही. प्रत्येक नाच आधी संगीताशिवाय चालून दाखवायचा, त्याला वॉकथ्रू म्हणतात. पुरुष-बाई असं न म्हणता डावीकडे उभा तो लार्क, उजवीकडचा रॉबिन, सध्या बऱ्याच ठिकाणी असंच म्हणतात. त्यामुळे माझी बाहत्तर वर्षांची आत्या आणि मावशी अशी जोडी बिनधास्त उभी राहिली, "कोण पुरुष?" हा प्रश्नच आला नाही.

मग खरा कॉन्ट्रा. धुनेचे दोन भाग असतात, ए दोनदा, बी दोनदा, मिळून ६४ ठोके, म्हणजे आठाचे आठ. तेवढ्यात नाचाची एक फेरी पूर्ण होते, साधारण अर्धं मिनिट. फेरी संपली की प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते आणि समोर नवीन जोडी येते, असं करत करत रांगेतल्या सगळ्यांशी नाचून होतं. आमच्या साताऱ्याच्या काकांनी आणि जावयाच्या आजीने अलमांड केलं, म्हणजे एकमेकांचा हात धरून गोल फिरले, त्यांना एकमेकांची भाषा येत नाही. शाळेत लेझीम खेळलेल्या आमच्या लोकांना आठाचा हिशेब अंगातच होता, हे बाईंनी दुसऱ्या नाचातच ओळखलं आणि वॉकथ्रू आखूड केला.

आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते आता. त्यांचा शब्द नेहमी हालचालीच्या जरा आधी यायचा, मागची हालचाल संपता संपता, त्यामुळे पाय तालावर पडायचे. तीन-चार फेऱ्या झाल्या की वाक्याचा एक शब्द व्हायचा, आणि मग त्या गप्पच बसायच्या. हॉलमध्ये फक्त फिडल आणि ऐंशी माणसांचे पाय. कोणी चुकलं तरच एक शब्द, परत गप्प. त्या गप्प बसण्याचेच मी पैसे दिले असं मला वाटतं.

जेवताना त्यांच्याशी बोलले. पत्त्यांसारख्या कार्डांची पेटी सोबत असते, एका कार्डावर एक नाच. संध्याकाळी माणसं दमलेली दिसली तर ठरवलेलं कार्ड बाजूला ठेवून दुसरं काढायचं, आमच्याकडे दोनदा काढलं. कित्येक वर्षं शाळेत शिकवून शनिवार-रविवार कॉल करायच्या, नोकरी सोडली ती फार उशिरा. शुक्रवारी गाडी काढायची, दुसऱ्या राज्यात नाचणाऱ्यांच्याच घरी मुक्काम, रविवारी रात्री परत, आणि हेल्थ इन्शुरन्स स्वतःच्या खिशातून. न्यू हॅम्पशायरच्या राल्फ पेज (१९०३–१९८५) यांचं नाव त्यांनी फार आदराने घेतलं, कॉलिंगवर पोट भरणाऱ्या पहिल्या काहींपैकी ते. तिथल्याच डडली लॉफमन यांना तर २००९ मध्ये नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, लोककलेतला देशाचा सर्वोच्च मान. तरी आजही नुसत्या ह्याच्यावर जगणारे फार थोडे आहेत. हे ऐकल्यावर घासाघीस केली नाही ह्याचं मला समाधान वाटलं, तुम्हीही करू नका, तीन तासांच्या कार्यक्रमामागे दोन दिवसांचा प्रवास असतो.

कमी पडलं ते एवढंच की बोलणं भरभर आणि उच्चार न्यू इंग्लंडचा (अमेरिकेच्या ईशान्य भागातला), आमच्या ज्येष्ठांना पहिले दोन नाच काही कळेना, शेवटी माझा भाचा शेजारी उभा राहून मराठीत सांगत होता. असा एक माणूस आधीच ठरवून ठेवा. माइकही मधे दोनदा खरखरला, पण तो हॉलचा होता. आणि नाच जेवणाआधी ठेवा, आम्ही अर्धा जेवणानंतर ठेवला आणि बासुंदी खाऊन कोणाला हालवेना.

आत्या अजून दीड महिना इथे आहे. मॅसॅच्युसेट्समधल्याच ग्रीनफिल्डच्या गाइडिंग स्टार ग्रेंज ह्या हॉलमध्ये कॉन्ट्रा होतो असं बाईंनी जाता जाता सांगितलं होतं, तर आता तिला तिथे जायचंय. सपाट तळव्याचे बूट घेऊन झालेत, येत्या शनिवारी नेतेय.