उताणा हुंदीर आणि डावखुरी वयनी: मॅजिक माउसबद्दल

ॲपलच्या बिनतारी मॅजिक माउसचं नाव काढलं की पहिलं वाक्य ठरलेलं: चार्जिंगला लावला की वापरता येत नाही, केबल पोटात घालावी लागते. खरंच आहे. २०१५ मध्ये मॅजिक माउस २ आला तेव्हा ॲपलच्या लाइटनिंग केबलचं भोक खाली होतं. २०२४च्या ऑक्टोबरात यूएसबी-सी आलं, तेही खालीच. पिन बदलली, जागा नाही. फोंड्यातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात माझा दीर विंडोजवाला आणि मी मॅकवाली. माझा माउस चार्जिंगला लागलेला दिसला की त्याच्या टेबलावरून आवाज येतो, "वयनी, तुजो हुंदीर उताणो पडला मरे!" पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेलं गिऱ्हाईकही हसतं.

हसेनात का. विंडोजवाले नेमका सोपा दोष धरून बसलेत आणि मॅकवालेही नेमका त्याचाच बचाव करत बसतात. एकदा भरला की महिनाभर किंवा जास्तच चालतो, असं ॲपल सांगते. २०१५च्या माउसबद्दल तर दोन मिनिटांच्या चार्जिंगमध्ये नऊ तास, असा कंपनीचा दावा होता. रात्री शटर ओढताना केबल लावली की प्रश्न मिटला. भोक कुठे आहे यापेक्षा माउस किती सपाट आहे, यावर भांडायला हवं.

उंची २.१६ सेंटिमीटर. दिराच्या लॉजिटेक एमएक्स मास्टर ३एसची ५.१. म्हणजे त्याचा तळवा माउसवर विसावतो आणि माझा वरच्यावर राहतो, माउस बोटांच्या चिमटीत धरून चालवायचा. मेल वाचायला, हिशेब बघायला हे चालतं. आमचं काम तसं नाही. जत्रेच्या नाटकाचं पोस्टर करायचं म्हणजे नटाचा फोटो कापायचा: फेट्याचा तुरा, मिशीची टोकं, हातातली तलवार, पेन टूलने बिंदूमागून बिंदू. अशा कामाला हाताला टेकू लागतो आणि तो इथे नाही. शिवाय दोन वेगळी बटणं नाहीत, अख्खं कवच एकच. उजवा क्लिक हवा तर दुसरं बोट उचललेलं बरं, नाहीतर डावा क्लिक पडण्याची शक्यता. मधलं बटण तर नाहीच.

एका बटणाचा हा सोस जुना आहे. झेरॉक्सच्या ऑल्टो संगणकाच्या माउसला तीन बटणं होती. ॲपलने १९८३ मध्ये आपल्या लिसा संगणकाला एकच दिलं, नवख्या माणसाचा गोंधळ नको म्हणून. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने दोन बटणांचा माउस काढला. भांडण तिथपासूनचं. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलीमाउसने चाक घरोघरी नेलं. १९९८ मध्ये आयमॅकबरोबर तो गोल चकतीसारखा माउस आला, हातात घेतला तर पुढची बाजू कुठली ते कळेना. एकाहून जास्त बटणांचं काम करणारा ॲपलचा माउस, मायटी माउस, निघायला २००५ उजाडलं. तिथेही बटणं दिसू द्यायची नाहीत म्हणून कवचाखाली सेन्सर लपवले. आजच्या मॅजिक माउसमध्ये तीच लाज शिल्लक आहे.

आता ज्यासाठी मी हा माउस सोडत नाही ते. मी डावखुरी. तीर्थ उजव्या हातावर घेते, माउस डाव्या हातात धरते. दिराचा तो कौतुकाचा एमएक्स मास्टर फक्त उजव्या हातासाठी घडवलेला आहे, अंगठ्याचा खळगा एकाच बाजूला. चाक मात्र अप्रतिम, एका झटक्यात शंभर पानांची स्मरणिका खाली जाते. माझ्या हाताला ते नाही. मॅजिक माउस दोन्हीकडून सारखा. सेटिंग्जमध्ये दुय्यम क्लिक, म्हणजे एरवीचा उजवा क्लिक, डावीकडे घेतला की झालं. आणि पाठीवरून बोट आडवं फिरवलं की लांबलचक बॅनर हवं तिकडे सरकतं, तिरपंसुद्धा. हे सुख चाकाला जमत नाही. विंडोजवर मात्र या जेश्चरांची मजा गृहीत धरू नका.

दुकानात दोन्ही घराणी असली की स्क्रोलची दिशा हा रोजचा तंटा. २०११च्या लायन या आवृत्तीपासून मॅकवर बोट वर नेलं की पान वर जातं. विंडोजच्या चाकाचा हिशेब उलटा. दीर माझ्या मशीनवर बसला की आधी ते बदलतो, आणि ट्रॅकपॅडची दिशाही बदलते, कारण मॅकच्या सेटिंगमध्ये दोघांची एकच गाठ आहे. मग मी ओरडते. मॅकवर कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर चालत नाही हा त्याचा जुना मुद्दा, तो २०१९ला संपला. मी, पानं जुळवायचा पेजमेकर १९८५ला आधी मॅकवरच आला होता, हे काढते. सासूबाई म्हणतात, चहा थंड होतोय.

तर घ्यावा का? आयमॅकबरोबर आला असेल तर विकू नका. वेगळा विकत घेणार असाल तर काळ्या रंगासाठी जादा पैसे मोजू नका, आत तोच माउस आहे. उजव्या हाताने दिवसभर फोटो कापणारे असाल तर एमएक्स मास्टर, मॅकवरही छान चालतो. डावखुऱ्यांना उंच माउस हवा तर लॉजिटेकचा लिफ्ट डाव्या हातासाठी निघतो, २०२२ पासून. तो उभा धरायचा असतो, त्यामुळे दुकानात हात लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. मी म्हापशाला किंवा पणजीला गेले की बघणार आहे. दिराला सांगितलेलं नाही.