भरायचा पीडीएफ फॉर्म: इनडिझाइन का स्क्रायबस?

कराडचा एक डीटीपीवाला मित्र परवा विचारत होता, की लोकांनी कॉम्प्युटरवरच भरायचा पीडीएफ फॉर्म करायचाय तर कशात करू. इनडिझाइन आणि स्क्रायबस ही दोन्ही पानं मांडायची सॉफ्टवेअर, मी सांगलीत बसून दोन्हीत केलेत, तर मला जे दिसलं ते सांगतो, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

दिसायला म्हणाल तर इनडिझाइनच. २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून फॉर्मच्या भरायच्या चौकटी त्यातच टाकता येतात, टेबल देखणं होतं, वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सेटिंग लावली की जोडाक्षरं नीट बसतात. स्क्रायबसला २०१७ च्या १.५.३ च्या आधी मराठी धड जमतच नव्हतं, आता १.६ वर तशी तक्रार नाही, पण टेबल मात्र अजून रडवतं.

मग अडलं कुठं? एका पतसंस्थेचा कर्जमागणी अर्ज होता, त्यात पगारातल्या कपातीच्या १८ ओळी आणि खाली बेरीज. इनडिझाइनमध्ये चौकट काढता येते पण तिला बेरीज शिकवता येत नाही, ते काम ॲक्रोबॅट या पीडीएफच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये, फक्त आकडेच घे, तारीख अशीच घे हेही तिकडंच. दुपारभर बसून केलं, पाठवलं, आणि संध्याकाळी फोन, "भाऊ, जामीनदाराच्या खाली एक ओळ वाढवा की." इनडिझाइनमधून नवी पीडीएफ काढली की ॲक्रोबॅटमधलं त्यात काहीच नाही, परत पहिल्यापासून. आता कुणी म्हणेल ॲक्रोबॅटमध्ये नुसतं पान बदलता येतं, येतं ना, पण चौकटी जुन्या जागीच राहतात आणि ओळ वाढल्यामुळं खालचा सगळा मजकूर सरकलेला असतो, म्हणजे एकेक चौकट ओढत बसा. असं चारदा झाल्यावर माझं डोकं उठलं.

स्क्रायबसमध्ये फील्डच्या, म्हणजे भरायच्या चौकटीच्या, प्रॉपर्टीतच कॅल्क्युलेटचा टॅब आहे, कुठल्या फील्डांची बेरीज ते लिहायचं नाहीतर जावास्क्रिप्ट टाकायची, आणि ते सगळं स्क्रायबसच्या मूळ एसएलए फाइलमध्येच राहतं. खालचं सगळं सिलेक्ट करून सरकवा, नवीन ओळ टाका, एक्स्पोर्ट मारा, बास. मी तर एक छोटी पायथन स्क्रिप्ट करून ठेवलीय, १८ ओळींच्या चौकटी आणि त्यांची नावं तीच टाकते. इनडिझाइनची स्क्रिप्टिंग खरं तर जास्त ताकदीची आहे हे कबूल, पण फील्डला बेरीज लावायचं काही मला त्यातून जमलं नाही.

लिबरऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्येही फॉर्म होतो, एकपानी साधा अर्ज असेल तर चालून जाईल.

फील्डमध्ये मराठी टाइप करायचा ताप मात्र कुठंच चुकत नाही. लेबलं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात (तोच फॉन्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही असा) चालतील, फील्डला चुकूनही तो फॉन्ट लावू नका, आणि युनिकोड लावूनही काही रीडरमध्ये जोडाक्षरं फुटलेलीच दिसली मला. मोबाईलवरच्या बऱ्याच ॲपमध्ये ती बेरीजही होत नाही, म्हणून मी बेरजेची चौकट रीड-ओन्ली (नुसती वाचायची) करत नाही, ज्याला दिसली नाही तो हातानं आकडा टाकतो.

एकदाच करून द्यायचा, परत हात लावायचा नाही असा फॉर्म असेल तर इनडिझाइन खुशाल घ्या. आमच्याकडं असं गिऱ्हाईक अजून आलेलं नाही.