मत्स्य संपदेचे पिंजरे आणि संचालकांचं प्रशिक्षण : एक पीक विकल्यानंतरचा अनुभव

आमची मच्छीमार सहकारी संस्था नाशिक-नगर पट्ट्यातल्या एका धरणावर आहे. निम्मे सभासद पिढीजात मासेमारी करणारे, निम्मे धरणग्रस्त. मी संस्थेची सचिव. केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून आम्ही धरणात मासे वाढवायचे तरंगते जाळीचे पिंजरे घेतले, त्याच सुमारास संचालकांचं ‘नेतृत्व विकास’ प्रशिक्षण झालं, आणि आता पंगस माशाचं एक पूर्ण पीक विकून दुसरं पाण्यात आहे. पिंजऱ्यांवर यूट्यूबला ढिगाने व्हिडिओ सापडतात, सगळ्यांत मासे उड्या मारत असतात. प्रशिक्षणाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून दोन्हीचं एकत्रच लिहिते. माझं स्पष्ट मत असं की संचालक मंडळ तयार नसेल तर पिंजऱ्यात पैसे घालू नयेत, अनुदान कितीही असो.

आधी पैशांचं. २०२० साली ही योजना आली तेव्हा २०,०५० कोटींचा आकडा सगळीकडे झळकला. त्यात केंद्राचे ९,४०७ कोटी, राज्यांचे ४,८८० कोटी आणि उरलेले ५,७६३ कोटी लाभार्थ्यांचे. म्हणजे त्या मोठ्या आकड्यात तुमच्या-आमच्या खिशातलेही पैसे धरलेले आहेत. जलाशयातल्या एका पिंजऱ्याचा प्रकल्प खर्च योजनेने ३ लाख धरला आहे. सर्वसाधारण गटाला त्यावर ४० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. आमचे काही पिंजरे महिला सभासदांच्या नावावर आहेत, ते त्यामुळेच. पण आमच्याकडे आधी खर्च करावा लागला, मग पाहणी झाली, आणि अनुदान त्यानंतर. मधले महिने आम्ही सभासदांच्या ठेवींवर आणि दोन घरांच्या दागिन्यांवर काढले.

आणि खरा खर्च पिंजऱ्याचा नाहीच. सहा बाय चार मीटरचा, चार मीटर खोल पिंजरा म्हणजे ९६ घनमीटर पाणी. त्यात पाचेक हजार बोटुकली (माशाची बोटाएवढी पिल्लं) सोडली तर नीट वाढून तीन टनांच्या आसपास माल निघतो. त्या तीन टनांना साडेचार टन तरंगतं खाद्य लागलं आणि ते किलोला बेचाळीस रुपयांनी पडलं, तर एका पिंजऱ्याचं खाद्यच १ लाख ८९ हजारांचं झालं. अनुदानापेक्षा जास्त, आणि दर पिकाला नव्याने. योजनेच्या माहितीपत्रकात हे कुठेही ठळक छापलेलं नाही.

किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं, वेळेवर फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं. कागदावर उत्तम. आम्ही गेलो त्या बँकेत साहेबांनी सातबारा मागितला. धरणाचा सातबारा कुठून आणायचा? ठेक्याचा करारनामा दाखवला, तर म्हणाले, हे तारण होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्यानंतर निदान बसायला खुर्ची मिळते आणि फाइल उघडली जाते. कर्ज आमच्या काही सभासदांना झालं, काहींचं अजून टेबलावर आहे.

पिंजऱ्यांचा दर्जा बरा आहे. सांगाडा आणि तरंगणारे ड्रम टिकले, जाळ्यांनी मात्र जीव खाल्ला. उन्हाळ्यात शेवाळ इतकं धरतं की पाणी आरपार खेळत नाही, आणि मासे पहाटे वर तोंड काढून हवा घ्यायला लागतात. जाळी घासायची तर माणूस पाण्यात उतरवावा लागतो. त्यात पाणमांजरं. एका रात्रीत दोन ठिकाणी जाळं फाडून गेली. तेव्हापासून बाहेरून दुसरं जाड जाळं लावलं आहे, त्याचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात नव्हता.

सगळ्यात मोठी डोकेदुखी आवर्तनाची, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाणी सोडण्याच्या पाळीची. उन्हाळी आवर्तन सुटलं की पाणी झपाट्याने उतरतं आणि पिंजऱ्याचा तळ गाळाला टेकायची वेळ येते. तराफे ओढून खोल पाण्यात न्यायचे, नांगर नव्याने टाकायचे. पाणी कधी सुटणार हे मत्स्यव्यवसाय खात्यालाही आधी कळत नाही, कारण धरण दुसऱ्या खात्याचं. हे एकदा समजून घेतलं की योजनेतल्या ‘बारमाही उत्पादन’ वगैरे शब्दांकडे माणूस जरा वेगळ्या नजरेने बघतो.

थंडीचंही सांगून ठेवते. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार झालं की पंगस खाद्याला तोंड लावत नाही. पहिल्या हिवाळ्यात आमचा रखवालदार ठरल्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ टोपली रिकामी करत राहिला आणि खाद्य वाऱ्याने एका कडेला जमा होऊन जाळीबाहेर वाहून गेलं. त्याला तसं करायला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. करू नको म्हणूनही कोणी सांगितलं नव्हतं. संस्थेत ते सांगणं कोणाचं काम, हेच ठरलेलं नव्हतं. प्रशिक्षणाचा विषय इथून सुरू होतो.

पहिली तुकडी जुलैत, निवासी, जिल्ह्याबाहेर. राहणं-जेवण योजनेच्या निधीतून, प्रवास संस्थेचा. जेवण चांगलं होतं, हे प्रामाणिकपणे नोंदवते. बाकी सांगायचं तर पडद्यावर अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. उदाहरणं दूध संघाची आणि साखर कारखान्याची. नेत्याचे गुण कोणते, यावर एक अख्खा दुपारचा तास. आमचे अध्यक्ष सत्तरीला आलेले, तीस वर्षं संस्था चालवतात, त्यांनी शेजारच्या संस्थेच्या अध्यक्षांना हळूच विचारलं, “तुमच्याकडे कटला किती जातो हो?” खरं प्रशिक्षण त्या मधल्या चहाच्या वेळात झालं. वेगवेगळ्या धरणांवरची माणसं एकत्र बसली, कोणाला कोणता व्यापारी काय भाव देतो, हे पहिल्यांदा उघड झालं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी याला पाचपैकी एक दिला असता. पण पुढच्या टप्प्यात एक प्रशिक्षक बाई आमच्या संस्थेतच येऊन राहिल्या. सहकारी संस्थांच्या हिशोबात मुरलेल्या. त्यांनी नेतृत्व हा शब्द एकदाही उच्चारला नाही. आल्या दिवशी म्हणाल्या, “वह्या दाखवा.” खाद्याच्या पावत्या एका पिशवीत, विक्रीच्या चिठ्ठ्या अध्यक्षांच्या खिशात, मजुरीचा हिशोब तोंडी. त्यांनी प्रत्येक पिंजऱ्याला वहीत वेगळं पान करायला लावलं. बोटुकली किती सोडली, मेली किती, खाद्य किती पडलं, आणि दर आठवड्याला हातजाळीने थोडे मासे काढून सरासरी वजन. त्या वजनावरून दिवसाचं खाद्य ठरवायचं, रखवालदाराच्या अंदाजावरून नाही.

महिनाभरात पानं बोलायला लागली. एका पिंजऱ्यात किलोभर माशाला १.४ किलो खाद्य लागत होतं, दुसऱ्यात १.८. एकाच धरणात, एकच कंपनीचं खाद्य. फरक चारशे ग्रॅमचा, म्हणजे किलोमागे जवळपास सतरा रुपये. तीन टनांच्या पिंजऱ्यावर पन्नास हजारांच्या वर. अध्यक्षांनी तो आकडा स्वतःच्या हाताने दोनदा मांडून बघितला आणि मग खिशातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी रखवालदाराला खाद्याचा तक्ता मिळाला आणि थंडीत एक वेळ बंद करायचा अधिकारही.

दुसरा बदल दिसला तो विक्रीत. आमच्याकडे व्यापाऱ्याची गाडी पहाटे बांधावर लागते. काटा त्यांचा, माणूस त्यांचा, आणि दर क्रेटमागे कडता, म्हणजे वजनातली वजावट, कापायची जुनी रीत. पाण्याचं वजन, बर्फाचं वजन, अशी कारणं. गावातल्या प्रशिक्षणात भाव ठरवण्याचा सराव करून घेतला होता, एकाने व्यापारी व्हायचं, एकाने संस्था. तेव्हा सगळे हसत होते. पुढच्याच काढणीला आमच्या एक संचालक काकू काट्याजवळ उभ्या राहिल्या.

“शेठ, कडता कशाचा?”

“काकू, बर्फाचा. नेहमीचाच आहे.”

“बर्फ अजून गाडीतच आहे की. मासा तर जिवंत आहे.”

शेठ हसले, मग अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी मान वर केली नाही, वहीत लिहीत राहिले. त्या दिवशी कडता निम्म्यावर आला. पूर्ण गेला नाही, भावही फार चढला नाही; आसपास दुसरी मोठी गाडी येत नाही तोवर शेठना आम्ही आणि आम्हाला शेठ लागणारच. पण आता संस्थेचा स्वतःचा काटा आहे आणि दोन्हीकडचं वजन वहीत उतरतं.

काकूंबद्दल थोडं अधिक. सहकार कायद्याप्रमाणे समितीत दोन जागा महिलांच्या राखीव असतात. आमच्याकडेही होत्या, सह्यांपुरत्या. सभेचं इतिवृत्त घरी जायचं, सही होऊन यायचं. पहिल्या निवासी प्रशिक्षणाला दोघींपैकी कोणी गेलं नाही, कारण घर, गुरं, नातवंडं सोडून परजिल्ह्यात मुक्काम करणं जमण्यासारखं नव्हतं, आणि बोलावणंही ‘अध्यक्ष व सचिव’ यांच्याच नावाने आलं होतं. प्रशिक्षण गावात आलं तेव्हा दोघी पहिल्या ओळीत बसल्या. मासे बाजारात विकणं आयुष्यभर त्यांनीच केलेलं. कोणत्या वजनाचा मासा कोणत्या बाजाराला पटकन जातो, हे मंडळात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आता काढणी कधी करायची हा निर्णय त्यांना विचारल्याशिवाय होत नाही. यावर एक-दोन संचालक अजून नाराज आहेत. असू देत.

धरणग्रस्त आणि जुने मच्छीमार यांच्यातली धुसफूस मात्र प्रशिक्षणाने मिटली नाही. पिंजरे कोणाच्या नावावर, रखवालीची मजुरी कोणाच्या पोराला, यावरून सर्वसाधारण सभेत आवाज चढतातच. फरक इतकाच की पूर्वी भांडण अफवांवर व्हायचं, आता वहीतल्या पानावर होतं. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेत पिंजरानिहाय नफा-तोटा फळ्यावर लिहिला, तेव्हा सभा लांबली, पण उठून कोणी गेलं नाही. नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीला का जातो, हेही पुष्कळांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

माझी मुख्य तक्रार निधीच्या वाटणीवर आहे. लोखंड, प्लास्टिक, जाळी यांना लाखांनी पैसे मिळतात, कारण त्यांचा फोटो काढता येतो, फलक लावता येतो. वही लिहायला शिकवणाऱ्या बाईंचे मुक्काम मात्र मोजून मापून, आणि ऐन काढणीच्या आधी त्यांची नेमणूक संपली. आम्ही पुन्हा मागणी केली तर उत्तर आलं की या वर्षीचं प्रशिक्षणाचं उद्दिष्ट पूर्ण झालं आहे. उद्दिष्ट म्हणजे किती माणसं हॉलमध्ये बसली तो आकडा. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या योजनेत तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, त्यात हिशोबनीस ठेवता येतो. धरणावरच्या साध्या सहकारी संस्थेला असा हिशोबनीस तीन वर्षं मिळाला, तर दोन पिंजरे कमी दिले तरी चालतील, असं मी सभेत बोलले आणि टाळ्या फक्त मागच्या बाकावरून आल्या.

तसं बघितलं तर राज्याच्या सहकार कायद्यातच २०१३ च्या दुरुस्तीनंतर सभासदांच्या आणि समितीच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं कलम आहे. संस्था त्यासाठी वर्गणीही भरतात. पण मच्छीमार संस्थेपर्यंत त्या पैशातून काय पोचतं, हे ज्याने त्याने आपल्या ताळेबंदात बघावं.

विम्याचं अजून अनुभवातून सांगता येणार नाही. मत्स्य संपदेखालीच २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ६,००० कोटींच्या उपयोजनेत मत्स्यपालन विम्याच्या हप्त्यावर ४० टक्के प्रोत्साहन आहे, त्यासाठी राष्ट्रीय मत्स्य डिजिटल पोर्टलवर नोंदणी लागते. नोंदणी आम्ही केली. ओटीपीसाठी मोबाइल घेऊन बांधाच्या टोकाला उभं राहावं लागतं, कारण खाली रेंज नाही.

गुण द्यायचेच तर पिंजऱ्यांना पाचपैकी तीन, हॉलमधल्या प्रशिक्षणाला एक, गावात येऊन दिलेल्याला साडेचार. ज्या संस्थेत रोजची वही लिहिणारं एकही माणूस नाही, तिने अर्ज एक वर्ष पुढे ढकलावा. बाकीच्यांनी अर्ज करतानाच कार्यालयात विचारून घ्यावं की प्रशिक्षक संस्थेवर येणार का, काढणीच्या वेळी येणार का, आणि महिला संचालकांचं नाव पत्रात घालणार का. तारीख जून-जुलैची आली तर लेखी अर्ज देऊन बदलून मागा, ते बोटुकली सोडायचे दिवस असतात. आमच्या दुसऱ्या तुकडीची तारीख अशीच अर्ज दिल्यावर बदलून मिळाली.