दारावरची पुली आणि आखडलेला खांदा: काही महिन्यांच्या वापरानंतर

खांद्याच्या व्यायामाची दारावर अडकवायची पुली बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ऑनलाइन सहज मिळते, मोठ्या मेडिकल दुकानांतही असते. एक चाक, त्यावरून जाणारी दोरी, दोन मुठी आणि दाराच्या फटीत अडकवायचा पट्टा, एवढाच तिचा पसारा. फिजिओथेरपीच्या कामात ती रोज हाताखाली असते, आणि गेले कित्येक महिने आम्ही पेशंटना ती घरी वापरायला लावतो आहोत. मत आधीच सांगतो. फ्रोझन शोल्डरच्या, म्हणजे आखडलेल्या खांद्याच्या, एका ठरावीक टप्प्यात ही पुली पैसे पुरेपूर वसूल करून देते. बाकीच्या बऱ्याच खांदेदुखींत तिचा फारसा उपयोग नाही, आणि दोन-तीन दुखण्यांत ती नुकसान करते. पाकिटावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे ‘खांदा धरलाय’ म्हटलं की त्यात सगळंच येतं. ऊसतोडीचा खांदा, वडगाव-खासबागेतल्या मागावरचा खांदा, उद्यमबागेत जड कास्टिंग उचलून दुखावलेला खांदा आणि मधुमेहाने आखडलेला खांदा, सगळ्यांना तेच नाव. पुली घेण्याआधी आपला खांदा यातला कुठला, हे कळायलाच हवं.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. कोपर कुशीला टेकवा, काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. दुखरा हात चांगल्या हातापेक्षा बराच अलीकडे अडतो का? आता दुसऱ्या कुणीतरी हळूच फिरवून पाहावं. तरीही तिथेच अडला, तर सांध्याभोवतीचं आवरण आकसल्याची दाट शक्यता आहे. हाच फ्रोझन शोल्डर. हात बाहेर फिरणं सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त कमी होतं, मग हात वर जाणं, मग पाठीमागे जाणं. ब्लाउजचा हूक लागत नाही, वेणी घालता येत नाही, पटका बांधता येत नाही. वय बहुधा ४० ते ६०, बायकांत प्रमाण जास्त, मधुमेह आणि थायरॉइडवाल्यांत आणखी जास्त. एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो, पण तो काढायचाच. संधिवाताने झिजलेला किंवा मागच्या बाजूला निखळलेला खांदाही असाच अडतो. शुगर कधीच तपासलेली नसेल तर ती त्याच दिवशी तपासा.

याउलट हात स्वतः उचलताना मध्येच, साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान, कळ येते, पण दुसऱ्याने उचलून दिला की पूर्ण वर जातो, असं असेल तर आवरण मोकळं आहे. त्रास बहुधा रोटेटर कफमध्ये असतो, म्हणजे खवाट्यापासून निघून खांद्याच्या गोळ्याला कवेत घेणाऱ्या चार स्नायूंच्या कंडऱ्यांत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांत). इथे पुलीने काही साधत नाही. मुळात हात वर जातोच आहे. त्याला हवं असतं ते डोक्यावरचं काम काही आठवडे कमी करणं आणि रबरी पट्ट्याने हळूहळू ताकद वाढवणं. कोपराखाली टॉवेलची गुंडाळी, पट्टा कोपराच्या उंचीवर खिडकीच्या गजाला, पंजा बाहेर खेचायचा, १० ते १५ वेळा, एक दिवसाआड. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जाव्यात इतपतच पट्टा निवडायचा. रंगावर भरवसा ठेवू नका, एका कंपनीचा लाल दुसरीच्या हिरव्याइतका कडक असू शकतो.

पडल्यानंतर किंवा जोराचा हिसका बसल्यानंतर हात उचलताच येईना, तर पुलीचा विचारही नको. कंडरा तुटलेला असू शकतो. सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि अस्थिरोगतज्ज्ञ, तेही लवकर, कारण तुटलेलं टोक मागे सरकत जातं आणि पुढे शिवायला अवघड होतं. शिवण झाल्यावर हात साधारण चार ते सहा आठवडे झोळीत असतो. तेव्हा ‘पुलीत हात तर नुसता लोंबकळतो, काय होतंय’ असं घरच्यांना वाटतं. पण स्नायू थोडं काम करतातच, आणि ताज्या टाक्यांना तेवढंही जड पडू शकतं. सर्जनने परवानगी दिल्याशिवाय दोरीला हात लावू नये.

तालमीत किंवा कबड्डीत निखळलेल्या खांद्याचंही तसंच. तो गावातल्या हाडवैद्याकडे ओढून बसवायचा नाही. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, शिवाय खांद्याच्या बाहेरच्या अंगाला संवेदना देणारी नस ताणलेली असू शकते. आधी एक्स-रे, मग बसवणं. कोवळ्या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका मोठा असतो, त्याला ताणून मोकळं करणारी पुली कशाला हवी?

तिसरी बंदी लकव्याच्या हाताला, आणि ही आम्ही सगळ्यात ठासून सांगतो. लकवा मारलेल्या हाताचा खवाटा हाताबरोबर फिरत नाही. दोरीने हात वर ओढला की आतला मांसल भाग दोन हाडांत चिमटतो आणि नसलेलं दुखणं उभं राहतं. घरातली माणसं मायेने, दिवसातून चार-चारदा ओढत बसतात, म्हणून हे स्पष्ट सांगावं लागतं.

आता जिथे पुली खरोखर चालते तिथे येऊ. फ्रोझन शोल्डरचे पहिले काही महिने दुखण्याचे असतात: रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, नुसता धक्का लागला तरी जीव जातो. या काळात पुलीने जोर लावला तर दुखणं चिघळतं. तेव्हा वेदनाशामक औषध आणि डॉक्टरांनी ठरवलं तर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन. याच टप्प्यात ते सगळ्यात चांगलं लागू पडतं. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस शुगर चढते, तेवढे दिवस ती तपासत राहायची. व्यायाम म्हणाल तर कमरेत वाकून हात सैल सोडायचा आणि शरीराच्या हेलकाव्याने तो झुलू द्यायचा, एवढंच.

रात्रीची झोप लागू लागली आणि दुखणं मागे पडून नुसता आखडलेपणा उरला, की पुली लावायची.

दाराची निवड इथे सगळ्यात महत्त्वाची. ज्या बाजूने ढकलल्यावर दार उघडतं, त्या बाजूला आपण बसायचं. म्हणजे ओढ लागली की दार चौकटीवर आणखी घट्ट बसतं. उलट्या बाजूला बसलात तर दोरी ओढताच दार अंगावर येतं. पट्ट्याच्या टोकाची गादी किंवा चकती दाराच्या पलीकडे राहिली पाहिजे. दार बंद करून कडी लावायची, आणि पहिल्यांदा चांगल्या हाताने जोरात हिसका देऊन पाहायचं. फ्लॅटच्या दारांना हे नीट जमतं. जुन्या घरांतल्या सागवानी, दोन फळ्यांच्या दारांना मात्र वर फटच नसते, आणि खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात लाकूड फुगलं की पट्टा आत जातच नाही. लोखंडी हुकाचा प्रकार घेतला तर दार पुरतं बंद होत नाही आणि पॉलिश खरवडतं.

अशा घरांत उत्तम जागा म्हणजे पाळण्याची कडी. पट्टा कडीतून ओवून पुली टांगायची आणि कडीच्या थोडं पुढे बसायचं. कौलारू घरात तुळईला बांधली तरी चालते, वाशाला नको. पंख्याच्या हुकाला कधीच नको.

बसायला हात नसलेली, न डगमगणारी खुर्ची. सुरुवातीला तोंड दाराकडे ठेवा, म्हणजे हात पुढून वर जातो आणि ताण कमी पडतो. एक-दोन आठवड्यांनी पाठ दाराकडे. दोरीची लांबी अशी की एक हात पूर्ण वर असताना दुसरा मांडीजवळ येईल. दुखऱ्या हाताचा अंगठा वरच्या दिशेला आणि हात ढिला. ओढायचं काम चांगल्या हाताचं. ताण जाणवेल तिथे पाच सेकंद थांबायचं, मग सावकाश खाली. १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा, शक्यतो गरम पाण्याच्या आंघोळीनंतर. शेकायचं असेल तर पिशवीवर टॉवेल गुंडाळून १० ते १५ मिनिटं. मधुमेहाने त्वचेची जाणीव कमी झाली असेल तर आधी दुसऱ्याने हात लावून उष्णता पाहावी, भाजल्याचं कळतही नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: सांधा अडला की माणूस नकळत खांदा कानाकडे उचलतो किंवा पाठ मागे टाकतो. हात तर वर गेलेला दिसतो, पण सांधा तसूभरही हललेला नसतो. म्हणून पहिले काही दिवस घरातल्या कुणीतरी खांद्यावर तळहात ठेवून बसावं. खांदा वर यायला लागला की तिथेच थांबायचं. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, पण तासाभरात ते शमलं पाहिजे. रात्रीची झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी ओढ निम्मी करायची.

पुलीची खरी मर्यादा ही की ती फक्त हात वर नेते. बाहेर फिरणं तिच्याने परत येत नाही, आणि तेच नेमकं आधी गेलेलं असतं. त्यासाठी मीटरभर काठी किंवा मिटलेली छत्री पुरते. उताणं झोपायचं, कोपराखाली टॉवेलची घडी, काठी दोन्ही हातांत आडवी धरायची आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताचा पंजा बाहेर ढकलून १० सेकंद थांबायचं. पाठीमागे पंचा धरून हात वर ओढणं हे सगळ्यात शेवटी, कारण तेच जास्त कळ देतं. आमच्याकडे नुसती पुली करणाऱ्यांचा हात वर गेला, पण ब्लाउजच्या हुकापर्यंत पोचला नाही. काठी जोडीला होती त्यांचं दोन्ही सुधारलं.

वस्तूबद्दल सांगायचं तर धातूचं, बेअरिंग असलेलं चाक घ्या. प्लॅस्टिकचं चाक काही आठवड्यांत किरकिरतं आणि दोरी कडेला घासते. धातूच्या चाकाला पावसाळ्यात गंज धरतो, महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरे. मुठी फोमच्या नकोत, घामाने वास मारतात आणि फाटतात. मुठीपाशी असलेली नायलॉनची गाठ सरकते, ती पहिल्याच दिवशी दुहेरी मारून टोक मेणबत्तीवर वितळवा. चाकावरून जाणारा दोरीचा भाग लव सुटल्यासारखा दिसू लागला की दोरी बदला. सूचना बहुतेक सेटवर इंग्रजीतच येतात. आम्ही कागदाच्या एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कानडीत लिहून देतो, कारण घरात व्यायाम करून घेणारी सून किंवा नातू कुठली भाषा वाचेल हे सांगता येत नाही. साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत बरा सेट मिळतो. योग्य खांद्याला पाचपैकी चार.

नेटाने केलं तर पहिल्या काही आठवड्यांत फरक जाणवायला हवा. खुर्चीशेजारच्या भिंतीवर दर रविवारी बोटांची उंची पेन्सिलीने मारून ठेवा, नुसत्या आठवणीवर विसंबू नका. पूर्ण मोकळं व्हायला मात्र वर्ष-दोन वर्षंही लागतात, मधुमेहात बहुधा जास्तच. तीन महिने होऊनही रेघ जागची हलली नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे परत जायचं. बेळगावात नाही जमलं तर मिरज-कोल्हापूर जवळच आहे. सांध्यात सलाइन भरून आवरण ताणणं, भूल देऊन खांदा फिरवणं किंवा दुर्बिणीतून आवरण सोडवणं, हे पर्याय तिथे समोर येतात. हाडं ठिसूळ असतील तर भूल देऊन फिरवताना हाड मोडू शकतं, हे आधी विचारून घ्यावं. यातलं काहीही झालं तरी पुली माळ्यावर टाकू नका. मोकळा केलेला सांधा पुन्हा आखडू नये म्हणून डॉक्टर बहुधा एक-दोन दिवसांतच व्यायाम सुरू करायला सांगतात, आणि तेव्हा हीच दोरी लागते.