गोगलगाय ओळखायची कशी: शंखावरून की डीएनएवरून?
घटप्रभेच्या कालव्यात शेवाळाला चिकटलेली अनोळखी गोगलगाय दिसली, तर मी आधी शंखच बघेन. टोक वर, तोंड आपल्याकडे धरलं की फायसेला अक्युटा या गोड्या पाण्यातल्या परदेशी गोगलगायीचं तोंड डावीकडे येतं, झाकणही नसतं. फुकटचं काम, निपाणीच्या शाळकरी पोरालाही जमेल. पण शंखाचा आकार पाण्यागणिक बदलतो, आणि पिल्लांपुढे जाणकारही हात टेकतात.

डीएनएला पायाचा एवढासा तुकडा पुरतो, तोही कडक अल्कोहोलात ठेवलेला. फॉर्मालिनमध्ये बुडवलात तर बोंबललं! सीओआय या, प्राण्यांची जात ओळखायला वापरतात त्या जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा पट्टा वाचून जुन्या नोंदींशी जुळवतात. फायसेला ही मूळ उत्तर अमेरिकेची पाहुणी कुठल्या वाटेनं आली, याचा मागही त्यातून लागू शकतो. खर्च आणि वाट पाहणं आलंच. शिवाय जुन्या नोंदीतच नाव चुकलेलं असेल, तर यंत्रही तेच नाव सांगतं.